न दिसणारी शाई

बिस्किटाचा पुडा घ्या, वेफर्सचं पाकीट घ्या, मॅगी घ्या. कोपऱ्यात एक छोटासा चौकोन असतो आणि त्यात हिरवा ठिपका. म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थ असेल तर तसाच चौकोन, तसाच ठिपका, फक्त तपकिरी. २००१ च्या सुमारास आपल्याकडे ही खूण सक्तीची झाली आणि तेव्हापासून ती इतकी सवयीची झालीये की आपण तिच्याकडे बघतो हे सुद्धा आपल्याला कळत नाही. केकमध्ये अंडं आहे का, हे बघायला आजीपासून नातवापर्यंत सगळे तोच ठिपका शोधतात.

आता एक बारीकसा प्रश्न. ज्याला हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग सारखेच दिसतात, त्याने काय करायचं?

हा प्रश्न काल्पनिक नाही. रंगांधळेपणाचे जे नेहमीचे प्रकार आहेत, त्यांत ज्या जोड्यांचा घोळ होतो त्यांत हिरवा-तपकिरी ही अगदी पहिल्या बाकावरची जोडी आहे. म्हणजे हजारो रंगांमधून दोन निवडायचे होते आणि आपण नेमके हेच दोन निवडले! आकार एक, आकारमान एक, जागा एक, फरक फक्त शाईचा. आणि ती शाई काही लोकांच्या लेखी एकच.

शेवटी २०२० च्या लेबलिंगच्या नियमांमध्ये एफएसएसएआयने मांसाहाराची खूण बदलली. तपकिरी ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण आला. रंगांधळ्या ग्राहकांनाही फरक कळावा हेच त्यामागचं कारण होतं. गोल म्हणजे शाकाहारी, त्रिकोण म्हणजे मांसाहारी. शाई तीच ठेवली, आकार बदलला. इतकं सोपं.

मग याला वीस वर्षं का लागली? हे शोधायला लागलो आणि लक्षात आलं की वीस वर्षं म्हणजे काहीच नाही. ही गोष्ट दोनशे वर्षांहून जुनी आहे. आणि गंमत म्हणजे, रंगांधळ्या माणसाला कोणती शाई दिसत नाही, हे माणसाला फार आधीपासून, फार नेमकेपणाने माहीत होतं. त्या माहितीचा उपयोग मात्र भलत्याच कामासाठी होत होता.

सुरुवात डॉल्टनपासून करू. हो, तोच. अणुसिद्धांतवाला, अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीत पहिल्या धड्यात भेटणारा. जॉन डॉल्टनने ३१ ऑक्टोबर १७९४ रोजी मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत एक निबंध वाचला. विषय स्वतःचेच डोळे. लॉरेलच्या झाडाचं पान आणि पत्रावर मोहोर लावायची लाल लाख मला एकाच रंगाची दिसते, असं त्याने त्यात लिहिलंय. आपल्या विषयाला धरून एक उदाहरणही आहे. एखाद्याच्या गालावरची लाली त्याला कशी दिसे, तर पांढऱ्या कागदावर पाणी घालून पातळ केलेली काळी शाई पसरावी तशी. 'लाजून लाल होणे' हा प्रकार बिचाऱ्याच्या बाबतीत फुकटच गेला म्हणायचा.

डॉल्टनला वाटायचं की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार आणि तो लाल रंग शोषून घेत असणार. मी मेल्यावर डोळे उघडून बघा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. १८४४ साली तो वारला तेव्हा जोसेफ रॅन्सम नावाच्या डॉक्टरने खरंच बघितलं. द्रव काचेसारखा स्वच्छ निघाला. दुसऱ्या डोळ्याला मागून भोक पाडून रॅन्समने त्यातून लाल आणि हिरव्या वस्तूही बघितल्या. दोन्ही वेगवेगळ्या दिसल्या, म्हणजे दोष पुढच्या भिंगात किंवा द्रवात नव्हता. त्या डोळ्यांचे अवशेष जपून ठेवले गेले आणि तब्बल दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यातून डीएनए काढून शास्त्रज्ञांनी निकाल लावला. डॉल्टनच्या डोळ्यात हिरव्या प्रकाशाला जास्त प्रतिसाद देणाऱ्या शंकूपेशींचं जनुकच नव्हतं.

इथे दोन मिनिटं थांबून डोळ्याचं हार्डवेअर बघून घेऊ. नेहमीच्या दृष्टीत दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. ढोबळमानाने त्यांना लाल, हिरव्या आणि निळ्या म्हणू. त्यातल्या लाल आणि हिरव्या पेशी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. एकीचा सर्वाधिक प्रतिसाद साधारण ५६० नॅनोमीटरला, दुसरीचा ५३० च्या आसपास. निळी मात्र लांब, ४२० च्या जवळ. लाल-हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी असतात आणि इतकी सारखी असतात (१९८६ मध्ये जेरेमी नेथन्स आणि सहकाऱ्यांनी ती शोधली तेव्हा साधारण ९६ टक्के साम्य निघालं) की पुढच्या पिढीसाठी कॉपी-पेस्ट होताना कधीकधी गडबड होते. एखादं जनुक गळतं, किंवा दोघांचं मिश्रण होतं. पुरुषाकडे एक्स एकच, म्हणजे बॅकअप नाही. म्हणून हा प्रकार पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के, आशियात त्याहून कमी, ४-५ टक्क्यांच्या आसपास. बायकांमध्ये अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाकू. या लोकांना जग ब्लॅक अँड व्हाइट दिसत नाही. निळा-पिवळा फरक त्यांना छान कळतो, उजळ-गडद छान कळतं. फक्त लाल ते हिरवा हा जो एक पट्टा आहे त्यात गर्दी होते. लाल, नारिंगी, तपकिरी, पोपटी, हिरवा ही सगळी मंडळी एकाच कुटुंबातली वाटायला लागतात.

डॉल्टननंतरची ऐंशी वर्षं हा विषय कुतूहलाचा होता. तो भीतीचा झाला स्वीडनमध्ये. १८७५ च्या नोव्हेंबरमध्ये लागेरलुंडा इथे रात्री दोन गाड्यांची टक्कर झाली आणि नऊ माणसं गेली. उप्साला विद्यापीठात फ्रिथियोफ होल्मग्रेन नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी मत मांडलं की सिग्नलचा रंग ओळखण्यात चूक झाली असणार. (हे कितपत खरं होतं याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांना दाट शंका आहे, पण तेव्हा ते लोकांना पटलं.) होल्मग्रेननी रंगीत लोकरीच्या लडी घेतल्या आणि उप्साला ते येवले या मार्गावरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांना तपासलं. एक फिकट हिरवी लड समोर ठेवायची आणि सांगायचं, ढिगातून हिच्यासारख्या रंगाच्या काढ. रंगाचं नावच विचारायचं नाही, त्यामुळे पाठांतर उपयोगाचं नाही. रंगांधळा माणूस हिरव्यांबरोबर करडी, मातकट लडही आत्मविश्वासाने उचलायचा. २६६ कर्मचाऱ्यांत असे १३ निघाले. थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या रेल्वे आणि जहाजांवर अशा तपासण्या सुरू झाल्या.

यात चूक काहीच नव्हती. रात्री दूरवर दिसणारा एकुलता एक दिवा लाल आहे की हिरवा हे ड्रायव्हरला कळलंच पाहिजे, तिथे त्रिकोण-चौकोन कामाला येत नाहीत. पण एक दिशा इथे ठरून गेली. दिवा तोच राहणार, शाई तीच राहणार, तपासायचं ते माणसाला.

आता शाईकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

लोकरीच्या लडी सांभाळणं कटकटीचं होतं. धूळ बसते, रंग उडतो. छापील पुस्तक असेल तर बरं. १८७० च्या दशकाच्या अखेरीस याकोब श्टिलिंग या जर्मन नेत्रतज्ज्ञाने तसे तक्ते छापले. आणि १९१७ मध्ये आलं ते पुस्तक, ज्याने तुम्हा-आम्हा सगळ्यांची परीक्षा घेतलीये. मेडिकलला गेल्यावर डॉक्टर जे ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक पुढे करतात आणि 'नंबर वाचा' म्हणतात, तेच. त्याचे कर्ते शिनोबु इशिहारा, जपानी सैन्यातले नेत्रतज्ज्ञ, पुढे टोकियो विद्यापीठात प्राध्यापक. सैन्यभरतीसाठी त्यांनी हे तक्ते तयार केले. सुरुवातीचे त्यांनी स्वतः हाताने जलरंगात रंगवले होते.

या तक्त्यांची रचना म्हणजे इंजिनियरिंगचा उत्तम नमुना आहे. त्यामागचं तत्त्व आधीच सापडलं होतं. जेम्स क्लर्क मॅक्सवेल (हो, हेही तेच, इक्वेशनवाले) १८५५ च्या सुमारास रंगीत कागदाच्या चकत्या गरागरा फिरवून रंग जुळवण्याचे प्रयोग करत होते. त्यांनी दाखवलं की सगळे रंग एका नकाशावर मांडले, तर रंगांधळ्या माणसाला जे रंग एकसारखे दिसतात ते एका सरळ रेषेवर येतात, आणि अशा सगळ्या रेषा एकाच बिंदूतून निघतात. सायकलच्या चाकाच्या ताऱ्यांसारख्या. एका तारेवरचे कुठलेही दोन रंग घ्या, उजळपणा सारखा ठेवा, त्या माणसाला फरक कळणार नाही.

मग तक्ता करायची कृती सोपी. एकाच तारेवरच्या दोन शाया निवडा. एक आकड्याच्या ठिपक्यांना, दुसरी पार्श्वभूमीच्या ठिपक्यांना. पण छापताना एक शाई जराशी उजळ, दुसरी जराशी गडद झाली तर रंगांधळा माणूस त्या फरकावरून आकडा ओळखेल. म्हणून दोन्हीकडे मुद्दाम उजळ-गडद ठिपके वाटेल तसे पसरून द्या. ठिपक्यांचे आकारही लहानमोठे करा, म्हणजे कडांवरूनही पत्ता लागायला नको. थोडक्यात रंग सोडून बाकीच्या सगळ्या वाटा बंद करा. आमच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल एकाच चॅनलवर ठेवा आणि बाकी सगळ्या चॅनलवर नॉइज सोडा.

इशिहारांच्या पुस्तकात उलटेही तक्ते आहेत, ते मला भारी आवडतात. त्यात नेहमीच्या नजरेच्या माणसाला नुसता ठिपक्यांचा गोंधळ दिसतो आणि लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असलेल्याला आकडा दिसतो! कारण आपण लाल-हिरव्याच्या भपक्यात अडकतो आणि त्याखालचा निळसर-पिवळसर फरक आपल्या नजरेतून सुटतो. त्याला तो भपका नाहीच, त्यामुळे तो सरळ आकडा वाचतो.

म्हणजे बघा, १९१७ पर्यंत माणसाकडे काय काय होतं? कोणते रंग सारखे दिसतात याचा नकाशा होता. त्यावरून नेमक्या शाया मिसळायचं कसब होतं. न दिसणारी शाई कशी करायची याची अगदी पक्की कृती होती. आता कोणीही इंजिनियर म्हणेल की हीच कृती उलटी करा. एकाच तारेवरच्या दोन शाया न घेता वेगवेगळ्या तारांवरच्या घ्या. उजळपणा मिसळून टाकू नका, मुद्दाम वेगळा ठेवा. आकार वेगळे करा. झाली सगळ्यांना दिसणारी छपाई.

ही उलटी कृती सर्वसामान्य वापरात यायला किती काळ लागला? जवळजवळ ८५ वर्षं.

का लागली, याची दोन कारणं मला दिसतात. एक छापखान्यातलं. रंगीत छपाई महाग होती तेव्हा काळ्याच्या जोडीला दुसरी शाई एकच परवडायची आणि ती बहुतेक वेळा लाल असायची. ही सवय छापखान्याच्याही आधीची. आपल्या जुन्या पोथ्या बघा. मजकूर काळ्या शाईत आणि दंड, ओव्यांचे आकडे, समाप्तीच्या ओळी हिंगुळाच्या लाल शाईत. पुढे शिक्षकांचं लाल पेन आलं, हिशोबाच्या वहीतली तुटीची लाल रक्कम आली, भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मधले रविवार आणि सुट्ट्या लाल झाल्या. आता ज्याच्या डोळ्यात लाल शंकूपेशीच नाहीत त्याला शुद्ध लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तर काळपट दिसतो. काळ्या मजकुराच्या शेजारी लाल शब्द छापणं म्हणजे त्याच्यासाठी काळ्याशेजारी थोडंसं वेगळं काळं. पेपरात सरांनी काय काय खोडलंय हे शोधायलाच त्याला वेळ लागणार. आणि हे तो सांगणार कोणाला? वर्गातल्या बाकीच्यांना लाल ढळढळीत दिसतंय म्हटल्यावर तो गप्प बसतो.

दुसरं कारण असं की तपासणी झाली की विषय संपायचा. माणूस 'नापास' झाला, बाहेर गेला, फाइल बंद. जपानमध्ये तर इशिहारांचे तक्ते शाळाशाळांतून दाखवले जायचे आणि रंगांधळ्या मुलांना कित्येक वर्षं बऱ्याच महाविद्यालयांची दारं बंद असायची. शाळेच्या आरोग्य तपासणीतली ही सक्ती २००३ मध्ये गेली. ज्या माणसाला नकाशा वाचता येत नाही त्याला नकाशाच्या खात्यात घ्यायचंच नाही असं ठरलं, की नकाशात बिघाड आहे असं कोणाला वाटणार? ज्याला ते खुपलं असतं तो टेबलावर नसायचाच.

नकाशाचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण बदलाची एक सुरुवात नकाशावाल्यांकडूनच झाली. १९९७ मध्ये अमेरिकेत ज्युडी ओल्सन आणि सिंथिया ब्रुअर या दोन भूगोलतज्ज्ञ बाईंनी एकच नकाशा दोन रंगसंगतींत करून रंगांधळ्या लोकांपुढे ठेवला. एक गोंधळात टाकणारी, दुसरी विचार करून निवडलेली. दुसरा नकाशा त्यांना नीट वाचता आला. म्हणजे दोष वाचणाऱ्यात नव्हता, रंग निवडणाऱ्यात होता, हे आता मोजून दाखवलेलं होतं. त्याच वर्षी ब्रेटेल, व्हिएनो आणि मोलन यांनी रंगांधळ्या माणसाला चित्र कसं दिसेल हे कॉम्प्युटरवर दाखवायची पद्धत प्रसिद्ध केली. त्याला काय दिसतं हे आपल्याला कसं कळणार, असं कोणी विचारेल. तर जगात अगदी क्वचित अशी माणसं सापडली आहेत ज्यांचा एक डोळा रंगांधळा आणि दुसरा नेहमीसारखा असतो. ते दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघून सांगू शकतात. ती पद्धत त्यांच्या सांगण्यावर उभी आहे.

२००२ मध्ये ब्रुअरबाईंचं 'कलरब्रुअर' आलं. नकाशासाठी तयार रंगसंगती, आणि प्रत्येकीपुढे नोंद की ही रंगांधळ्यांना चालेल का, छापल्यावर टिकेल का, झेरॉक्स काढल्यावर कळेल का. हा झेरॉक्सचा मुद्दा फार मोलाचा आहे, त्याकडे शेवटी येतो.

आणि त्याच वर्षी, म्हणजे २००२ च्या नोव्हेंबरमध्ये, गोष्ट परत जपानला गेली. मासाताका ओकाबे आणि केई इतो हे दोन शास्त्रज्ञ. काम फळमाशीवर, म्हणजे केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक चिलटांवर. जीवशास्त्रात तेव्हा पद्धत अशी की सूक्ष्मदर्शकातल्या चित्रात एक प्रथिन लाल, दुसरं हिरवं, आणि दोन्ही एकत्र असतील तिथे पिवळं दाखवायचं. परिषदेत अशी शेकडो चित्रं पडद्यावर झळकायची. आणि ओकाबे आणि इतो हे दोघेही रंगांधळे होते. लाल शंकूपेशी नसलेल्या प्रकारचे, तीव्र स्वरूपाचे.

त्या दोघांनी काय केलं? आपल्या क्षेत्रातल्या सहकाऱ्यांसाठी एक साधी मार्गदर्शिका लिहिली. आमच्यासारख्यांना कळेल अशी चित्रं कशी करायची. लाल-हिरव्याऐवजी मजेंटा-हिरवी जोडी वापरा. आलेखाच्या रेषांना रंगाबरोबर वेगळे नमुने द्या. रंगांची नावं कोपऱ्यातल्या सूचीत न लिहिता रेषेशेजारीच नाव लिहा. आणि पुढे त्यांनी आठ रंगांचा एक संच दिला. काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा, पिवळा, निळा, हिंगुळी आणि तांबूस जांभळा.

हा संच नुसता पडद्यासाठी नव्हता. छापखान्याच्या चार शायांची प्रमाणंही त्यांनी दिली, आणि ती वाचण्यासारखी आहेत. लालसाठी त्यांनी शुद्ध लाल घेतला नाही. त्यासाठी पिवळी शाई शंभर टक्के ठेवायची पण मजेंटा ऐंशीवर आणायची. त्याने लाल रंग शेंदराकडे झुकतो, आणि ज्याला लाल काळपट दिसतो त्यालाही तो उजळ दिसतो. हिरव्यासाठी सायन ९७, पिवळी फक्त ७५. म्हणजे हिरवा निळ्याकडे ढकलला. हेतू असा की लाल आणि हिरवा त्या चाकाच्या एकाच तारेवर राहू नयेत. लाल जरा इकडे, हिरवा जरा तिकडे. नेहमीच्या नजरेला तो लालच वाटतो आणि हिरवा हिरवाच वाटतो, कोणाचंच काही बिघडत नाही. मॅक्सवेलचा नकाशा तोच, इशिहारांचं ज्ञान तेच, शहर सुद्धा तेच टोकियो. इतो तर इशिहारांच्याच विद्यापीठातले. फरक एवढाच की पुस्तक दाखवणाऱ्याच्या खुर्चीत या वेळी ते पुस्तक न वाचता येणारी माणसं बसली होती.

(जाता जाता. रंगांधळेपणाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं हे १९११ मध्ये ई. बी. विल्सन यांनी मांडलं. त्याच्या आदल्याच वर्षी टी. एच. मॉर्गन यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला होता आणि त्यावरून अशा आनुवंशिकतेचा उलगडा झाला होता. नर कशाचा? फळमाशीचा. ही माशी या विषयाला सोडायलाच तयार नाही!)

त्यानंतर मात्र गाडी वेगात निघाली. २०१५ मध्ये पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबसाठी 'व्हिरिडिस' ही जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळत जाणारी रंगपट्टी आली आणि २०१७ च्या २.० आवृत्तीपासून ती डिफॉल्ट झाली. २०२० मध्ये आर भाषेच्या ४.० आवृत्तीत ओकाबे-इतो संच आत येऊन बसला. डिफॉल्ट होणं याचं महत्त्व आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. ज्याने रंगांधळेपणाबद्दल कधीच विचार केला नाही, त्याचाही आलेख आता आपोआप बरा निघतो.

आपल्याकडेही हवा बदलतेय. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा केला. आणि पुण्याशी संबंधित एक प्रकरण आहे. एफटीआयआयमध्ये फिल्म एडिटिंगच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधळा म्हणून प्रवेश नाकारला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयात त्याच्या पदरी काही पडलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र चित्रपट क्षेत्रातल्या जाणकारांची आणि नेत्रतज्ज्ञाची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला की रंगांधळ्या उमेदवारांना सगळ्या अभ्यासक्रमांना प्रवेश द्या. अभ्यासक्रमातला जो कलर ग्रेडिंगचा भाग अडचणीचा होता त्याचं काय? तो ऐच्छिक करा किंवा बदला. म्हणजे पुन्हा तेच. माणूस बाहेर काढण्याऐवजी आधी कागद बदलता येतो का ते बघा.

आता कोणी म्हणेल, चार-पाच टक्के लोकांसाठी एवढा खटाटोप कशाला? साठ पुरुषांच्या वर्गाचा हिशोब करा. चार टक्के धरले तरी दोन-तीन जण. तुमच्या प्रोजेक्टमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लोकलच्या डब्यात ते आहेत. बहुतेकांनी ते कोणाला सांगितलेलंही नसतं. टेस्ट पास झाली की हिरवं आणि फेल झाली की लाल दाखवणारा जो डॅशबोर्ड आपण रोज बघतो, त्यातल्या हिरव्या-लाल गोळ्यांकडे बघून त्यांच्यातला एखादा दर वेळी माउस नेऊन टूलटिप वाचत असेल. एक्सेलमध्ये रकाने लाल-हिरवे रंगवून 'बघा, स्पष्टच आहे' म्हणणाऱ्या मॅनेजरला तो काय सांगणार?

आणि यासाठी करायचं फार काही नाही. लाल निवडायचाच असेल तर शेंदराकडे झुकणारा घ्या. हिरवा निळ्याकडे झुकणारा घ्या. खात्रीची जोडी हवी असेल तर निळा आणि नारिंगी. काळ्या मजकुरात काही उठून दिसायला हवं असेल तर लालऐवजी ठळक अक्षर किंवा अधोरेखन वापरा, नाहीतर निदान लालबरोबर तेही करा. रंगाबरोबर आकार द्या, बरोबरला टिकमार्क, चुकीला फुली. आणि शेवटी झेरॉक्सची कसोटी. आपला आलेख ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट करा. त्यात सगळं कळत असेल तर निश्चिंत राहा, कुठल्याही डोळ्यांना कळेल. नसेल कळत, तर आपल्या हातून नकळत इशिहारांचा एक तक्ता तयार झालाय असं समजा.

पुढच्या वेळी किराणा आणाल तेव्हा एखाद्या अंड्याच्या केकच्या पुड्यावर तो तपकिरी त्रिकोण नक्की बघा. त्यातल्या शाईत काहीही नवं नाही. तीन कोपरे तेवढे नवे आहेत. ज्याला आजवर प्रत्येक पुडा कोणाला तरी दाखवून 'हे व्हेज आहे ना?' असं विचारावं लागत होतं, त्याला आता ते विचारावं लागत नाही.